झेड ५१: रोग बरोबर ओळखला, पण औषध कधी आलं?

तिरपा_बाण

मंडळी, जे जहाज एकदाही समुद्रावर गेलं नाही त्याच्यावर धागा काढतोय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

झेड ५१. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन नौदलाच्या 'वर्ग १९४२'ची एकुलती एक विनाशिका (डिस्ट्रॉयर). ब्रेमेनच्या डेशिमाग गोदीत १९४३ साली बांधणी सुरू झाली, ऑक्टोबर १९४४ मध्ये जलावतरण झालं आणि मार्च १९४५ मध्ये, आतली कामं अर्धवट असताना, धक्क्याला बांधलेल्या जागीच ब्रिटिश विमानांनी तिला बुडवलं. युद्धानंतर सांगाडा भंगारात. संपली गोष्ट.

मग एवढं काय आहे तिच्यात? इंजिनं. तोवरच्या सगळ्या जर्मन विनाशिका वाफेच्या टर्बाइनवर चालायच्या. हिच्यात मान कंपनीची सहा डिझेल इंजिनं बसायची होती, तीन शाफ्टांवर: मधल्या शाफ्टला चार, बाजूच्या दोन्हींना एकेक. एकूण ५७,१२० अश्वशक्ती, वेग ३६ नॉट, आणि १९ नॉटने गेलं तर पल्ला ५,५०० सागरी मैल. लांबी साधारण ११४ मीटर. तोफा मात्र चारच, १२.७ सेंमीच्या, एकेकट्या बसवलेल्या.

आता हिच्या थोरल्या बहिणी बघा. १९३४ वर्गाचा पल्ला आराखड्यात ४,४०० मैल होता. प्रत्यक्षात १९ नॉटला भरला १,५३०. जहाज वरून इतकं जड की टाक्यांतलं तेल ३० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची सोय नव्हती, कलंडायची भीती. म्हणजे तेवढं तेल जाळायला नाही, नुसतं बूड जड ठेवायला बाळगायचं! त्यात बॉयलर असे की निम्मी जहाजं कायम दुरुस्तीला.

माझं म्हणणं असं की जर्मन विनाशिकांचं दुखणं तोफांचं कधीच नव्हतं, यंत्रघराचं होतं. आणि सगळ्या आराखड्यांत त्या दुखण्यावर थेट बोट ठेवणारा हा एकच. तुम्हाला काय वाटतं? योग्य जहाज उशिरा आलं, की मुळातच कागदी घोडा?

कुंपणावरचा

पहिला! सविस्तर नंतर. चहा आणि खारी घेऊन बसलोय.

लोणावळा_लोकल

बऱ्याच दिवसांनी आपल्या विषयाचा धागा. नौदलात यंत्रघरातच आयुष्य गेलं. शिक्षण लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर, नंतर लिअँडर जातीच्या फ्रिगेटवर, माझगाव डॉकच्या बांधणीच्या. तेव्हा बॉयलरवर दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो.

आमच्या लिअँडरवर वाफेचा दाब होता साधारण ३८ बार, तापमान ४५० अंशांच्या आसपास. हे १९६०-७० च्या दशकातलं यंत्र, सगळं अनुभवाने घासूनपुसून घेतलेलं. तरी ट्यूब गळायची. गळली की आधी बॉयलर बंद, मग थंड होईस्तोवर वाट, मग आत शिरून गळकी ट्यूब शोधायची, दोन्ही तोंडं प्लग मारून बंद करायची, पुन्हा पाणी भरून दाबाखाली तपासायचं. भट्टीत शिरलेला माणूस बाहेर आला की त्याचे फक्त दात ओळखू यायचे.

जर्मनांनी १९३४ सालच्या जहाजात वाग्नर बॉयलर घातले ७० अ‍ॅटमॉस्फिअरचे (अ‍ॅटमॉस्फिअर म्हणजे जवळपास बारच). काही जहाजांत बेन्सन बॉयलर, ११० चे! त्याच काळात इंग्रजांच्या विनाशिका २१ च्या आसपास चालत होत्या, आणि अमेरिकन ४१-४२ वर म्हणजे पुढारलेल्या समजल्या जायच्या. दाब वाढवला की यंत्र लहान आणि हलकं होतं, तेल कमी लागतं, हे तत्त्व चुकीचं नाही. पण त्यासाठी पाणी अतिशुद्ध लागतं, ट्यूबचं पोलाद तसं लागतं आणि खाली वॉचवर उभा असलेला पोरगा तयार लागतो. त्यांनी किनाऱ्यावर पुरत्या चाचण्या न करता हे एकदम सबंध ताफ्यात घातलं. अरुंद जागेत पाइप इतके दाटीवाटीने की एका व्हॉल्व्हपर्यंत हात पोचायला दुसऱ्या चार गोष्टी उघडायच्या.

तेव्हा तिरपा_बाण यांच्या रोगनिदानाशी सहमत. औषधाबद्दल नंतर लिहितो, नातीला शाळेतून आणायचंय.

सई_सागर

काकांच्या प्रतिसादाला दंडवत. वाचनखूण साठवली.

पल्ल्याच्या मुद्द्याला नॉर्वेचं नार्विक बंदर जोडायलाच हवं. एप्रिल १९४० मध्ये दहा विनाशिका जनरल डीटलच्या पहाडी सैनिकांना घेऊन नार्विकला गेल्या, एकेकीवर साधारण दोनशे माणसं. सैनिक उतरले, गाव ताब्यात आलं. खरं तर तोंड फिरवून तेवढ्याच वेगाने घरी निघायचं होतं. पण टाक्यांत परतीचं तेलच नव्हतं! दोन तेलवाहू जहाजं येणार होती, त्यातलं एकच, यान वेलेम, पोचलं. त्याच्यापाशी एका वेळी दोनच विनाशिका लागू शकत, आणि एका जोडीला कित्येक तास. या रांगेत उभ्या असतानाच १० तारखेला इंग्रज विनाशिका फियोर्डमध्ये घुसल्या. जर्मन कमोडोर बोंटे पहिल्याच मिनिटांत गेला. १३ तारखेला इंग्रज युद्धनौका वॉरस्पाइट घेऊन परत आले आणि दहाच्या दहा संपल्या.

जर्मनीच्या तेव्हाच्या निम्म्या विनाशिका एका फियोर्डमध्ये. ५,५०० मैल पल्ल्याच्या असत्या तर ९ तारखेच्या रात्रीच सुटल्या असत्या. त्यामुळे माझं मत 'योग्य जहाज, उशीर' या बाजूला.

शंकेखोर

असहमत. सईताई, १९४० च्या मरणाला १९४४ चा कागद दाखवून काय उपयोग?

आणि आकडे कुणाचे? आराखड्याचे. १९३४ वर्गाचा आराखडासुद्धा ४,४०० मैल म्हणत होता हे धागाकर्त्यानेच वर लिहिलंय. मग त्याच नौदलाच्या कचेरीतून आलेले ५,५०० आणि ३६ नॉट आपण डोळे मिटून का घ्यायचे? झेड ५१ ची एकही समुद्रचाचणी झाली नाही. वापरात न आलेलं शस्त्र नेहमीच निर्दोष असतं.

दुसरं म्हणजे मधल्या शाफ्टवर चार इंजिनं. चार बैल एका जुवाला जुंपलेत, त्यातला एक जरी अडखळला तर बाकीच्या तिघांचं काय होतं? गिअरवर, शाफ्टवर किती ताण येईल? कंपन किती?

वेंगुर्ल्याचो

माका डिझेल आनि वाफ काय कळणा नाय, पन शंकेखोर इलो म्हणजे धागो शंभरी गाठतलो. :)

गावठी_इतिहासकार

शंकेखोर, चार इंजिनं एका शाफ्टवर हा प्रकार जर्मनांसाठी नवा नव्हता. डॉइशलांड, अ‍ॅडमिरल शेअर आणि ग्राफ श्पे या तिन्ही खिसा-युद्धनौकांत ('पॉकेट बॅटलशिप', आकाराने लहान पण तोफा मोठ्या) तेच होतं: मान कंपनीची आठ डिझेल, दोन शाफ्ट, प्रत्येकाला चार. मिळून पन्नास हजार अश्वशक्तीच्या थोडं वर. म्हणजे झेड ५१ मध्ये त्या मोठ्या जहाजाएवढी ताकद पाच-सहा पटींनी लहान नौकेत कोंबायची होती. धाडस होतं ते इथे, जुळवणीत नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. 'ब्रेम्झे' नावाचं तोफखाना-प्रशिक्षणाचं जहाज जर्मनांनी १९३२ मध्येच सेवेत घेतलं होतं. दीड हजार टनांच्या आतबाहेर, मानची आठ डिझेल, २९ नॉटपर्यंत पळायचं. खिसा-युद्धनौकांच्या इंजिनांची रंगीत तालीमच होती ती. आकाराने जवळजवळ विनाशिकाच. म्हणजे वेगवान लहान डिझेल जहाज पाण्यावर चालतं हे पहिल्या विनाशिकेच्या दोन वर्षं आधी त्यांना ठाऊक होतं!

मग १९३४ ला वाफ का निवडली? कारण विनाशिकेला हवी होती सत्तर हजार अश्वशक्ती, आणि तेव्हाची डिझेल त्या मानाने जड. उच्च दाबाची वाफ कागदावर सगळ्यात हलकी दिसली. बॉयलरवाल्यांनी स्वप्न विकलं, नौदलाने विकत घेतलं. आणि नंतर सहा-सात वर्षं तेच निस्तरत बसले.

ब्रेम्झे बिचारी सप्टेंबर १९४१ मध्ये नॉर्वेच्या उत्तरेला इंग्रज क्रूझरांशी लढताना बुडाली.

तिरपा_बाण

ब्रेम्झेचा मुद्दा माझ्या बाजूनेच गेला की! 'योग्य जहाज उशिरा' याहून वेगळं काय सांगताय तुम्ही?

गावठी_इतिहासकार

मी कुणाच्याच बाजूने नाही, मी फक्त काड्या टाकतो.

कुंपणावरचा

खारी संपली. पाव आणतो.

शंकेखोर

खिसा-युद्धनौकांचा विषय निघालाच आहे तर ग्राफ श्पेचं काय झालं तेही सांगा. डिसेंबर १९३९, ला प्लाता नदीच्या मुखाशी लढाई. तोफा बऱ्यापैकी शाबूत, मुख्य इंजिनं चालू. पण डिझेलला जाड तेल तसंच्या तसं चालत नाही, आधी तापवून शुद्ध करावं लागतं, आणि ते करणारी वाफ ज्या साहाय्यक बॉयलरातून यायची ते डेकवर उघड्यावर होते. तिथे गोळा बसला. कच्चं तेल टाकीत भरपूर, शुद्ध तेल मोजकं. घरी जायचा रस्ता तिथेच बंद झाला. कॅप्टन लांग्सडॉर्फने जहाज मोंटेव्हिडिओबाहेर स्वतःच उडवून दिलं, त्यामागे ही एक मोठी अडचण होती.

म्हणजे डिझेल घेतलं की यंत्रघराची दुखणी संपतात असं नाही, जागा बदलतात. झेड ५१ च्या वाट्याला तिची नवी दुखणी आलीच असती. ती बघायला जहाज उरलं नाही एवढंच.

लोणावळा_लोकल

शंकेखोर यांचा हा मुद्दा रास्त आहे. आता माझा औषधाबद्दलचा शब्द.

ही इंजिनं टू-स्ट्रोक, आणि तीही दुहेरी क्रियेची. म्हणजे पिस्टनच्या वरच्या बाजूलाही स्फोट आणि खालच्या बाजूलाही. तेवढ्याच आकारात जवळजवळ दुप्पट काम. पण खालच्या ज्वलनकक्षातून पिस्टनचा दांडा आरपार जातो. त्याच्याभोवतीची पॅकिंग प्रचंड उष्णतेत, प्रचंड वेगाने, सतत घासत राहते. दांडा आतून थंड ठेवावा लागतो, पिस्टनही. एक पॅकिंग गेली की वायू खाली क्रँककेसच्या दिशेने. व्यापारी जहाजांवर अशी इंजिनं काही काळ चालली, पण शेवटी जगाने साध्या एकेरी क्रियेचं टर्बोचार्ज्ड इंजिन पसंत केलं, ते उगाच नव्हे.

मात्र एक फायदा कुणी सांगितला नाही. बॉयलर थंड असेल तर वाफ चढवायला तास मोडतात. डिझेल काही मिनिटांत जहाज हलवतं. आणि सहा इंजिनं असतील तर दोन बाजूच्या इंजिनांवर आरामात गस्त घालायची, मधली चार बंद ठेवून दुरुस्त करायची, गरज पडली की जोडायची. बंदरात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की वाफ नसलेलं जहाज म्हणजे नुसता लोखंडी धक्का. तेव्हा कल्पना म्हणून मला आवडते. इंजिन म्हणून मी त्या जहाजावर बदली मागितली नसती.

भरतीओहोटी

"बदली मागितली नसती" :)) काका, हे फ्रेम करून लावतो.

दिवाभीत

तोफांचं दुखणं नव्हतंच असं धागाकर्ते म्हणतात, ते पटत नाही. १९३६अ वर्गावर त्यांनी १५ सेंमीच्या तोफा चढवल्या. क्रूझरच्या तोफा विनाशिकेवर! गोळा ४५ किलोचा, हाताने भरायचा, आणि डेक वरखाली होतोय. पुढे दुहेरी बुरूज बसवला तो इतका जड की नाक लाटेत खुपसायचं. २८ डिसेंबर १९४३ ला बिस्केच्या उपसागरात ग्लासगो आणि एंटरप्राइझ या दोनच इंग्रज क्रूझर, समोर जर्मन विनाशिका आणि टॉर्पेडो नौका मिळून दहाच्या वर. भर वादळात जर्मनांना नेम धरता येईना. विनाशिका झेड २७ आणि टॉर्पेडो नौका टी २५, टी २६ बुडाल्या.

म्हणून १९३६ब ला ते गुपचूप पाच १२.७ सेंमी तोफांवर परत आले. झेड ५१ च्या चार तोफा हा त्याच शहाणपणाचा पुढचा टप्पा. फक्त एकच राहिलं: १९४४ मध्ये विनाशिकेचा शत्रू आकाशात होता, आणि विमानावर धड रोखता येणारी मुख्य तोफ हिच्यावर नव्हतीच. १९३६क वर्गाच्या झेड ४६ आणि ४७ वर १२.८ सेंमीचे तीन दुहेरी बुरूज येणार होते, जहाज-विमान दोन्हींसाठी. त्याही कधी बांधून पुऱ्या झाल्या नाहीत.

सई_सागर

दिवाभीत, पटलं. ज्या १९३६ब मध्ये शहाणपण आलं म्हणता, त्यांचंही नशीब बघा. झेड ३५ आणि झेड ३६ डिसेंबर १९४४ मध्ये फिनलंडच्या आखातात स्वतःच्याच सुरुंगक्षेत्रात घुसून गेल्या. झेड ४४ जुलै १९४४ मध्ये ब्रेमेनलाच हवाई हल्ल्यात, झेड ५१ सारखीच धक्क्याला उभी असताना.

वेझरकाठ

ब्रेमेनहून हजेरी. नोकरीमुळे इथे राहतो, ग्रोपेलिंगेनपासून ट्रॅमने फार लांब नाही.

ज्या गोदीत झेड ५१ बांधली ती म्हणजे आगे वेझर. डेशिमाग हे तिच्याभोवती झालेल्या एकत्रित कंपनीचं नाव. युद्धानंतर गोदी पुन्हा उभी राहिली, मोठमोठे तेलवाहू टँकर बांधले आणि १९८३ च्या अखेरीस बंद पडली. आज त्या जागेवर नदीकाठी भलंमोठं शॉपिंग सेंटर आहे. शनिवारी पार्किंग मिळत नाही. विनाशिका कुठे बांधत होते हे विचारलंत तर माणसं आइस्क्रीमच्या दुकानाकडे बोट दाखवतील.

१९४४ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत शहराचा पश्चिम भाग, वाल्ले वगैरे, जवळजवळ पुसला गेला. म्हणजे झेड ५१ पाण्यात उतरली तेव्हा आजूबाजूच्या कामगारवस्त्या राखेत होत्या. तशात जलावतरण केलं हेच विलक्षण.

काजवा

विलक्षण वाटतं खरं, पण त्या गोदीत काम कोण करत होतं हे या धाग्यात अजून आलेलं नाही. नॉयेनगाम छळछावणीच्या उपछावण्या ब्रेमेनमध्ये होत्या, आणि तिथले कैदी आगे वेझरमध्ये राबवले गेले. शिवाय युद्धकैदी, पूर्वेकडून धरून आणलेले नागरिक. 'जर्मन अभियांत्रिकी' असं कौतुकाने म्हणताना पोट खपाटीला गेलेली ती माणसंही धरा हिशोबात. १९४४ च्या जर्मन जहाजाची किंमत सांगायची तर टन आणि अश्वशक्तीत ती पुरी होत नाही.

वेझरकाठ

@काजवा, +१. इथेच ब्रेमेनच्या फार्गे भागात पाणबुड्या बांधायचा 'व्हॅलेंटिन' बंकर अजून उभा आहे, स्मारक म्हणून. तो बांधताना हजाराहून जास्त माणसं मेली. भिंती कित्येक मीटर जाड. एकही पाणबुडी तिथून बाहेर पडली नाही, मार्च १९४५ मध्ये इंग्रजांच्या अवजड ग्रँड स्लॅम बाँबने छताला भोक पाडलं. इकडे आलात तर शॉपिंग सेंटर राहू दे, ते बघा.

गावठी_इतिहासकार

पाणबुड्या आल्याच आहेत तर झेड ५१ ला उशीर का झाला तेही तिथेच दडलंय. ३१ डिसेंबर १९४२ ला बॅरंट्स समुद्रात दोन मोठ्या जर्मन क्रूझरांना इंग्रज विनाशिकांनी मालवाहू जहाजांच्या ताफ्यापासून हुसकून लावलं. (त्याच लढाईत झेड १६ने इंग्रज क्रूझर शेफिल्डला आपलीच क्रूझर हिपर समजून जवळ केलं आणि संपली.) हिटलर भडकला, मोठी जहाजं भंगारात काढा म्हणाला. ३० जानेवारी १९४३ ला नौदलप्रमुख रेडर गेला, त्याच्या जागी डोनिट्झ आला. डोनिट्झ म्हणजे पाणबुडी. पोलाद, वेल्डर, धक्क्याची जागा, सगळ्यांत पहिला मान तिचा. ब्रेमेनच्या याच गोदीत पाणबुड्यांचे २१ क्रमांकाचे नमुने जोडले जाऊ लागले, आणि विनाशिका उरलेल्या वेळात.

मोठ्या डिझेलसाठी मान कंपनीचं औग्सबुर्ग. तिथे पाणबुड्यांची इंजिनं होतात म्हणून एप्रिल १९४२ मध्ये बारा लँकेस्टर बाँबफेकी विमानं भरदिवसा, झाडांच्या शेंड्यांवरून उडत तिथवर गेली होती. सात परत आली नाहीत. म्हणजे ज्या कारखान्यावर झेड ५१ विसंबलेली, तिथे रांगेत पुढे पाणबुडी आणि डोक्यावर इंग्रज.

झेड ५२ पासूनच्या पुढच्या विनाशिका १९४४ मध्ये ढाळावरच थांबवल्या गेल्या.

शंकेखोर

हाच माझा शेवटचा मुद्दा होता, इतिहासकारांनी हिसकावला. त्यात एक भर: डिझेल तेल पाणबुडीलाही तेच लागतं, टॉर्पेडो बोटींनाही. १९४५ ला इंधनाचं दुर्भिक्ष होतं. त्या वर्षी ५,५०० मैलांचा पल्ला घेऊन जाणार कुठे? उरलेल्या विनाशिका बाल्टिकमध्ये निर्वासित आणि सैनिक वाहत होत्या, दीडशे-दोनशे मैलांच्या फेऱ्या.

त्यामुळे माझं उत्तर असं: योग्य जहाज होतं, पण वेगळ्या युद्धासाठी. अटलांटिकवरच्या. ते युद्ध तिच्या जलावतरणाआधीच संपलं होतं.

तिरपा_बाण

बापरे, शंकेखोर 'योग्य' हा शब्द वापरतायत, तारीख नोंदवून ठेवा.

अटलांटिकचा मुद्दा मान्य. पण मी सोडून देत नाही. लोणावळा_लोकल काकांनी म्हटलेला झटपट सुटण्याचा फायदा बाल्टिकमध्येही तितकाच मोलाचा ठरला असता. तिथे रोजचं काम हेच होतं: बंदरात शिरा, माणसं भरा, विमानं यायच्या आत निघा. फक्त त्यासाठी १९४० मध्ये ठरवायला हवं होतं, ब्रेम्झे आठ वर्षं डोळ्यांसमोर धावत असताना.

भरतीओहोटी

अवांतर: युद्धानंतर त्या उच्च दाबाच्या बॉयलरांचं काय झालं?

दिवाभीत

झेड ३९ अमेरिकेने नेली. डीडी-९३९ असा क्रमांक देऊन चाचण्या घेतल्या, मुख्य रस त्या वाफेच्या यंत्रातच होता. नंतर ती फ्रान्सला दिली, सुट्या भागांसाठी. कारण फ्रान्सने चार जर्मन विनाशिका ताफ्यात घेतल्या होत्या, त्यांतल्या झेड २५ चं नाव 'ओश', झेड ३१ चं 'मार्सो'. झेड ३८ इंग्रजांकडे 'नॉनसच' झाली, झेड ३३ रशियाकडे गेली.

लोणावळा_लोकल

बिचारे फ्रेंच. ज्यांनी ७० अ‍ॅटमॉस्फिअर भांडणातून नव्हे, वाटणीत घेतले.

बाकी तिरपा_बाण, १९४० मध्ये ठरवलं असतं तर हे दुहेरी क्रियेचं इंजिन १९४२ मध्ये पहिल्या जहाजावर गेलं असतं आणि १९४३ पर्यंत पॅकिंगच्या तक्रारींचे ढीग लागले असते. मग आज तुम्ही धागा काढला असता, 'जर्मनांनी चांगली वाफ सोडून डिझेल का धरलं?'

वेंगुर्ल्याचो

आनि शंकेखोर तेवाय असहमतच असतो.

शंकेखोर

असहमत.